स्टेंट गंजत नाही, पण पेशींना तो कसा वाटतो?

सकाळी तलावपाळीला फेरी मारताना शेजारचे काका एकदम थांबले. "तू विज्ञानातला ना, मग सांग. माझ्या छातीत पाच महिन्यांपासून स्टेंट आहे. रक्तात मीठ आहे, पाणी आहे, ऑक्सिजन आहे. आमच्या गॅलरीचं ग्रिल दोन पावसाळ्यांत गंजतं, मग ही जाळी कशी गंजत नाही?"

प्रश्न रास्त आहे. ग्रिल साध्या लोखंडाचं असतं. स्टेंट म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी बारीक तारांची जाळी; तिच्या पोलादात 16 ते 18 टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर पृष्ठभागावर आपोआप धरतो. ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. रक्तातलं क्लोराइड या थराला बारीक भोकं पाडू बघतं, म्हणून जोडीला मॉलिब्डेनम हा धातू घालतात. नव्या स्टेंटमध्ये बहुधा कोबाल्ट-क्रोमियम असतं. गंजाचं इतकंच.

मला त्याहून विलक्षण वाटतं ते पेशींचं वागणं. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला अंतःस्तर म्हणतात. बरीच वर्षं ते नुसतं वेष्टन समजलं जायचं. 1980 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकलं. अस्तर शाबूत असलेली पट्टी सैल पडली. अस्तर घासून काढलेली पट्टी सैल पडलीच नाही, उलट आखडली. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तरातून येत होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, आणि त्यासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं.

फुगा फुगवून स्टेंट दाबून बसवताना नेमकं हेच अस्तर खरवडलं जातं. उघड्या धातूवर काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं चिकटतात. त्यामुळे नंतर येणाऱ्या पेशी धातूला थेट शिवतच नाहीत, त्या या प्रथिनांच्या थराला शिवतात. त्यात फायब्रिनोजेन असेल तर प्लेटलेट त्याला धरून बसतात आणि गुठळीची सुरुवात होते. शेजारच्या शाबूत अस्तरातल्या पेशी हळूहळू सरकत येऊन तारा झाकू लागतात.

आता तारेची जाडी बघा. आधीच्या स्टेंटची तार 140 मायक्रॉनच्या आसपास असायची, हल्लीची 80 किंवा त्याहून कमी. कळव्याच्या खाडीपुलावरून भरतीचं पाणी पाहिलंय? खांबाला धडकून पाणी दुभंगतं, खांबामागे भोवरा होतो आणि निर्माल्य, प्लास्टिक तिथेच गरगरत राहतं. तारेमागे रक्ताचंही तसंच होतं. अस्तराच्या पेशी रक्ताचं घासणं मोजतात: पेशीवरची शर्करायुक्त लव आणि पेशीपेशींना जोडणारी प्रथिनं मिळून हे काम करतात. प्रवाह सलग असेल तर पेशी त्याच्या दिशेने लांबट होतात, केएलएफ-2 हे जनुक जोरात चालतं आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तोच वायू प्लेटलेटना दूर ठेवतो आणि खालच्या अनैच्छिक स्नायूपेशींना आवरतो. भोवऱ्यात घासणं कमी, तेही पुढे-मागे. तिथे हेच जनुक मंदावतं आणि दाह पेटवणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं. बारीक तार म्हणजे लहान भोवरा, हे त्याचं खरं महत्त्व.

अस्तर नसेल तर स्नायूपेशी वाढत सुटतात आणि नळी पुन्हा अरुंद होते. त्यांना रोखायला तारेवर सिरोलिमससारखं औषध लावतात. हे औषध मुळात ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. मात्र ते अस्तराच्या पेशींनाही मंदावतं, म्हणूनच ॲस्पिरिनसोबतची गुठळी रोखणारी दुसरी गोळी बहुधा 6 ते 12 महिने घ्यावी लागते. व्हॉट्सॲपवर 'ब्लॉकेज विरघळवणारा काढा' आणि तांब्याचं कडं फिरत असतं. मनगटावरचं तांबं हृदयाच्या धमनीतल्या एकाही तारेवर अस्तर चढवत नाही. काढ्याच्या भरवशावर ही गोळी मध्येच सोडली, तर उघड्या तारेवर गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

"मग माझ्या आत आत्ता काय दिसत असेल?" काकांनी विचारलं.

बऱ्याच तारा झाकल्या गेल्या असतील, मी म्हटलं. काही अजून उघड्या असतील.