जेम्स ग्रांट आणि जेम्स ग्रांट डफ

२५ सप्टेंबर १८१९ च्या साताऱ्याच्या तहावर कंपनीच्या वतीने नाव आहे ते कॅप्टन जेम्स ग्रांट यांचं. हेच मराठ्यांचा इतिहास लिहिणारे आपले ग्रांट डफ. मायदेशी गेल्यावर आईकडची ईडनची जमीनदारी वारशाने आली आणि तेव्हा नावापुढे ‘डफ’ लागलं. म्हणून त्या काळातल्या साताऱ्याच्या कागदांत नुसता ‘ग्रांट’ दिसला, तर तो हाच. पण १८७० नंतरच्या एखाद्या जाडजूड सचित्र इंग्रजी इतिहासावर ‘जेम्स ग्रांट’ असेल, तर माणूस वेगळा.

हा दुसरा ग्रांट १८२२ साली एडिंबरात जन्मला. तीनेक वर्षं लष्करात काढून तो बाहेर पडला आणि लेखणीवर जगू लागला. वडील गॉर्डन हायलँडर्समध्ये होते. स्पेनमधल्या नेपोलियनविरुद्धच्या मोहिमांच्या त्यांच्या आठवणींवर त्याची पहिली कादंबरी उभी राहिली. पुढे पन्नासहून जास्त कादंबऱ्या आल्या. कॅसेल या लंडनच्या प्रकाशन संस्थेसाठी त्याने ब्रिटिश लढायांचा इतिहास, हिंदुस्थानचा सचित्र इतिहास आणि एडिंबराच्या गल्लीबोळांचा इतिहास लिहिला. अशी पुस्तकं आधी सुट्या अंकांतून येत आणि साध्या घरांतले लोक ते अंक जमवून बांधून घेत. पानोपानी लाकडी ठशांची चित्रं, धावती गोष्ट, मूळ कागदांची चर्चा जवळजवळ नाहीच. एवढं लिहूनही १८८७ मध्ये तो लंडनमध्ये गरिबीत वारला, याचं मला फार वाईट वाटतं.

ग्रांट डफची जात निराळी. पेशवे दफ्तर, छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडचे कागद, सरदार घराण्यांतल्या बखरी हे सगळं त्याने स्वतः चाळलं. त्याचे तीन खंड १८२६ मध्ये निघाले, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्याच्याही आधी. पाठोपाठ कॅप्टन डेव्हिड केपनने त्यांची मराठी ‘बखर’ केली. मराठ्यांचा उदय सह्याद्रीतल्या वणव्यासारखा आपोआप पेटला, हे त्याचं म्हणणं मात्र आपल्याकडे टिकलं नाही. १८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्याच्या चुका दाखवल्या, १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वणव्यालाच उत्तर दिलं. तरीही त्याच्याशी वाद घालता येतो, कारण कशाच्या आधारावर लिहिलं हे तो तळटीपांत सांगतो.

कॅसेलवाल्या ग्रांटशी तसा वाद घालता येत नाही, आणि म्हणून मराठेशाहीच्या तपशिलासाठी त्याचा हवाला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अठराशे सत्तावन्ननंतर विलायतेतल्या बैठकीच्या खोलीत हिंदुस्थान कसा रंगवला जात होता, हे पाहायचं असेल तर मात्र त्याला जरूर उघडावं.

छापील सालावर एकट्याने विसंबू नका, कारण डफचीही पुनर्मुद्रणं झाली. एडवर्ड्‌सने संपादित केलेली आवृत्ती १९२१ ची आहे. खाली टिपा नसतील आणि दर दोन-चार पानांआड लढाईचं चित्र असेल, तर पुस्तक डफचं नव्हे.