बेंजामिन ब्रिटनच्या लहानपणीच्या अप्रकाशित रचना पाहायच्या आहेत? अर्ज, कागदपत्रं आणि परवानग्या

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन संगीत ‘लिहू’ लागला तेव्हा त्याला स्वरलेखन नीट येतही नव्हतं. कागदभर शेकडो ठिपके आणि ते जोडणाऱ्या लांब, सुंदर वक्र रेषा. हे वाजवून दाखव म्हटल्यावर आईचा चेहरा असा झाला की पोर हिरमुसलं, ही आठवण त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. प्रकाशित कृती सुरू होण्याआधीच्या त्याच्या रचना आणि तुकडे मिळून सुमारे ८०० भरतात. त्यांतला मोठा भाग इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या ऑल्डबरा गावी, ‘द रेड हाउस’च्या अभिलेखागारात जपून ठेवला आहे. १९५७पासून ब्रिटन आणि गायक पीटर पिअर्स इथेच राहत. आज त्याची देखभाल ब्रिटन पिअर्स आर्ट्स ही संस्था करते.

घर बघायचं तिकीट वेगळं आणि हस्तलिखितं बघायची वेळ वेगळी. अभिलेखागार संशोधनासाठी, आधी वेळ ठरवूनच खुलं असतं. अभ्यासक, विद्यार्थी, वादक, गायक यांनी ईमेलने विचारणा करायची. या ईमेलवर मेहनत घ्या, कारण खरा अर्ज तोच.

त्याआधी ब्रिटनच्या रचनांची ऑनलाइन सूची उघडा. तिथे लहानपणीच्या रचनाही क्रमांकासह नोंदवलेल्या आहेत. हवी ती रचना शोधा, क्रमांक टिपून घ्या, मगच लिहा. ‘ब्रिटनचं सुरुवातीचं संगीत पाहायचं आहे’ एवढ्यावर अभिलेखपाल काय काढून ठेवणार? ‘१९२८च्या चार फ्रेंच गीतांच्या हस्तलिखितात वाद्यमेळाची मांडणी कुठे बदलली, ते तपासायचं आहे’ असं लिहिलंत की काम पुढे सरकतं. (ही गीतं त्याने चौदाव्या वर्षी आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी लिहिली, ती पहिल्यांदा लोकांसमोर आली १९८०मध्ये.) सोबत तुमचं नाव, संस्था असल्यास तिचं नाव, कामाचा उद्देश आणि दोन-तीन पर्यायी तारखा द्या. मूळ कागदच का हवा, प्रत का चालणार नाही, हेही लिहा. नाजूक कागद जितका कमी हाताळला जाईल तितका बरा, हे आपणही मानायला हवं.

कागदपत्रं फार नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा. विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांचं पत्र घ्या. मागितलं नाही तरी उपयोगी पडतं. भारतातून जाणाऱ्यांना यूकेचा व्हिजिटर व्हिसा लागेल, त्यावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. ब्रिटनची काही हस्तलिखितं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत. तिथे रीडर पास काढावा लागतो, आणि त्यासाठी ओळखीच्या पुराव्याबरोबर घरच्या पत्त्याचाही पुरावा लागतो.

अशा वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलच न्यायची. खोडरबर मात्र बाहेरच ठेवा. ब्रिटन कच्चे आराखडे पेन्सिलीने लिहायचा. चुकून एक स्वर पुसला गेला तर तो परत कुठून आणणार? हातमोजे लागतातच असं नाही, स्वच्छ आणि कोरडे हात कागदाला अधिक सुरक्षित.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो परवानग्यांचा. पाहणं, प्रत घेणं, छापणं आणि वाजवणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची परवानगी मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही. ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार अप्रकाशित कृतीची एक प्रत बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी किंवा खाजगी अभ्यासासाठी अभिलेखागार देऊ शकतं, हक्कधारकाने मनाई केलेली नसेल तर. त्यासाठी लेखी जाहीरनामा द्यावा लागतो: नाव, कोणता मजकूर हवा, याआधी त्याची प्रत मिळालेली नाही, वापर व्यावसायिक नाही, ती दुसऱ्या कुणाला देणार नाही. यात खोटं लिहिलं तर हक्कभंगाची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. म्हणून ती प्रत मित्राच्या वाद्यवृंदाला ‘जरा बघायला’ म्हणूनसुद्धा पाठवू नका.

ब्रिटनचं निधन १९७६चं, त्यामुळे त्याच्या संगीतावरचा हक्क तिथे २०४६ अखेरपर्यंत आहे. रचना शाळकरी वयातली असली तरी सूट नाही. प्रयोग किंवा प्रकाशन मनात असेल तर पहिल्याच ईमेलमध्ये तसं स्पष्ट सांगा. रचना अपुरी असेल तर वाट आणखी लांबची. व्हायोलिन आणि व्हायोलाचा दुहेरी कॉन्चेर्टो (दोन एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्याने १९३२मध्ये लिहिला, पण पूर्ण वाद्यमेळासाठी उतरवलाच नाही. कॉलिन मॅथ्यूज या संगीतकाराने ते काम केलं, तेव्हा कुठे १९९७मध्ये तो वाजला.

ऑल्डबराची रेल्वे १९६६मध्येच बंद झाली. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून इप्सविच, तिथे गाडी बदलून सॅक्समंडम, पुढे बस. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचा.