‘परमेश्वर’ आणि ‘प्रभू’: बायबलातले दोन शब्द

‘हे प्रभू परमेश्वरा’ असं प्रार्थनेत सहज तोंडी येतं, आणि मग बायबल वाचतानाही आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वाचून जातो. जुन्या करारात, म्हणजे बायबलाच्या हिब्रू भाषेतल्या पहिल्या भागात, मात्र ते अगदी वेगळे आहेत. हा फरक कळला नाही, तर नवा करार, म्हणजे बायबलाचा ग्रीक भाषेतला दुसरा भाग, येशूला ‘प्रभू’ म्हणतो तेव्हा तो केवढं मोठं बोलतोय हे आपल्या ध्यानातच येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत ‘परमेश्वर’ हा शब्द पदवीसारखा वाटतो, सर्वांत वरचा ईश्वर असा. हिब्रूत त्या जागी आहे विशेषनाम. योद, हे, वाव, हे ही चार अक्षरं सुमारे ६,८०० वेळा येतात. आदरापोटी यहुद्यांनी ते नाव उच्चारणं सोडलं आणि त्याऐवजी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, वाचू लागले. पुढे त्या चार व्यंजनांना अदोनायचे स्वर जोडले गेले, त्यातून ‘यहोवा’ हे रूप आलं.

नाव झाकलं गेल्यामुळे काय हरवतं ते कर्मेल डोंगरावर बघा. बआल या दुसऱ्या दैवताचे ४५० संदेष्टे एका बाजूला, परमेश्वराचा संदेष्टा एलीया एकटा दुसऱ्या बाजूला. अग्नी उतरतो आणि लोक पालथे पडून ओरडतात, ‘परमेश्वर हाच देव!’ मराठीत हे ‘देव हाच देव’ म्हटल्यासारखं वाटतं. पण लोक तिथे नाव घेऊन सांगताहेत: बआल नव्हे, हा. एलीयाच्या नावातच ते नाव आहे. त्याचा अर्थच ‘याह माझा देव’, आणि ‘याह’ हे त्या चार अक्षरी नावाचं लहान रूप.

‘प्रभू’ ही खरी पदवी. हिब्रू ‘अदोन’ म्हणजे धनी, मालक, राजा. सारा आपल्या नवऱ्याचा उल्लेख याच शब्दाने करते.

स्तोत्र ११० च्या पहिल्या ओळीत दोन्ही शब्द शेजारी आहेत: परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो, माझ्या उजवीकडे बस. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा. येशूने परूशी या यहुदी धर्मगटातल्या लोकांना हीच ओळ विचारली: दाविदच ख्रिस्ताला प्रभू म्हणतो, तर ख्रिस्त दाविदाचा पुत्र कसा? कोणालाही उत्तर देता आलं नाही.

हा प्रसंग सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ग्रीक मजकुरात, हीच ओळ आली की दोन्ही जागी एकच शब्द दिसतो, ‘किरियोस’. ‘अदोन’साठी किरियोस, आणि त्या पवित्र नावाच्या जागीही किरियोस. मराठी भाषांतरकार संदर्भ पाहून ते पुन्हा वेगळे करतात. म्हणून नव्या करारातल्या ‘प्रभू’ शब्दापाशी दर वेळी थांबून विचारावं लागतं की इथे नुसती पदवी आहे, की मागे ते नाव उभं आहे?

जुन्या करारातला संदेष्टा योएल म्हणतो, जो कोणी परमेश्वराचं नाव घेऊन धावा करील तो वाचेल. मूळ हिब्रूत तिथे तीच चार अक्षरं आहेत. येशूचा प्रेषित पौल नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात तेच वचन उचलतो, आणि चारच ओळी आधी त्याने लिहिलेलं असतं, ‘येशू प्रभू आहे’ असं मुखाने कबूल करशील तर तारण होईल. फिलिप्पैकरांस पत्रातही तसंच. जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकात परमेश्वर शपथ वाहून सांगतो की माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. पौल ते गुडघे येशूच्या नावाने टेकवतो, आणि लगेच म्हणतो, ‘देवपित्याच्या गौरवासाठी’. पिता आणि पुत्र यांची तो सरमिसळ करत नाही. जे फक्त परमेश्वराचं होतं ते पुत्राला देतो.

म्हणून प्रत्येक किरियोस म्हणजे ते नाव, असं मात्र धरू नये. विहिरीवरची शोमरोनी बाई येशूला हाच शब्द वापरते, तिथे मराठीत ‘महाराज’ आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात तर या शब्दाचा सगळा प्रवास सापडतो. मरिया मग्दालीया येशूच्या कबरेपाशी रडत उभी आहे, समोर उभा असलेला येशू तिला ओळखू येत नाही, तो माळी आहे असं समजून ती म्हणते, ‘दादा, तू त्याला नेलं असेल तर सांग.’ ग्रीकमध्ये हाक किरियोसचीच. थोड्या वेळाने ती शिष्यांना सांगते, ‘मी प्रभूला पाहिलं आहे.’ आणि आठ दिवसांनी थोमा हा शिष्य बंद दारांच्या घरात, येशूच्या खिळ्यांचे व्रण समोर असताना म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’