‘एअरवर्ल्ड’चं कॉमिक खरंच दडवलं होतं?

जुन्या गेमच्या शौकिनांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: अटारी २६०० या टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या गेम-यंत्रावरच्या ‘सोर्डक्वेस्ट’ मालिकेचा चौथा भाग ‘एअरवर्ल्ड’ कॉमिकसकट तयार होता, पण मुद्दाम दडवला गेला.

तसं वाटणं साहजिक आहे, कारण चार भाग आधीच जाहीर झाले होते. बाहेर आले तीनच: ‘अर्थवर्ल्ड’ (१९८२), ‘फायरवर्ल्ड’ (१९८३) आणि ‘वॉटरवर्ल्ड’, तोही मोजक्याच प्रतींत.

आता गेमसोबत मिळणाऱ्या कॉमिकचं काम काय होतं ते बघा. गेममध्ये योग्य खोलीत योग्य वस्तू ठेवल्या की दोन आकडे दिसत, एक पानाचा आणि एक चौकटीचा. त्या चौकटीतल्या चित्रात एक शब्द लपवलेला असे. ‘अर्थवर्ल्ड’मध्ये असे दहा शब्द, पण खरे पाचच: मूळ संख्यांच्या पानांवरचे. (डोकं लावलं होतं लेकाच्यांनी!) म्हणजे गेमचे संकेत पक्के झाल्याशिवाय कॉमिक पुरं होणं अवघडच. त्यात १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, हे शब्द शोधणाऱ्यांसाठीची बक्षिसांची स्पर्धा गुंडाळली गेली आणि ‘एअरवर्ल्ड’ राहून गेला.

२०२२ मध्ये अटारीच्या गेमच्या एका संग्रहात त्या नावाचा गेम आला खरा, पण तो नव्याने बनवलेला. कुणी ‘मूळ’ कॉमिकचं मुखपृष्ठ पाठवलं, तर आतल्या पानांचे फोटो मागा.