तुइना: दरबारातून बाहेर, इस्पितळात परत

इ.स. १५७१ मध्ये चीनच्या मिंग दरबाराने राजवैद्यकसंस्थेतला मालिशीचा विभाग बंद केला. आज त्याच देशातल्या पारंपरिक वैद्यकाच्या इस्पितळांत 'तुइना' म्हणजे चिनी मालिशीचा स्वतंत्र विभाग असतो आणि पदवीधर डॉक्टर मान, पाठ, खांद्याच्या दुखण्यावर हातांनी उपचार करतात. मधल्या काळात ही विद्या टिकली ती घराघरांत आणि गुरु-शिष्यांच्या परंपरेत.

तिची मुळे फार जुनी आहेत. हुनान प्रांतात चांग्शाजवळ मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेले एक थडगे १९७३ साली उकरले गेले. त्यात व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांचे रेशमावरचे चित्र मिळाले आणि मूळव्याधीवर शिंगाची तुंबडी (ओढीने कातडी खेचून धरणारे पोकळ भांडे) लावण्याची कृतीही. 'ह्वांगदी नेजिंग' या प्राचीन वैद्यकग्रंथात तर कारणमीमांसाच आहे: चीनचा मध्यभाग सपाट आणि दमट, तिथले लोक तऱ्हेतऱ्हेचे खातात पण अंगमेहनत करत नाहीत, म्हणून त्यांचे हातपाय दुबळे होतात, त्यांना व्यायाम आणि मालिश हाच उपाय. बैठ्या कामाने जखडलेल्या आजच्या माणसालाही हे निदान लागू पडावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

सातव्या शतकात सुरू झालेल्या थांग राजवटीत मालिशीला सरकारी दर्जा होता. राजवैद्यकशाळेत तिचा एक आचार्य, ४ उस्ताद, १६ कारागीर आणि १५ विद्यार्थी असत. मोडलेली, निखळलेली हाडे बसवणेही त्यांच्याचकडे होते. त्याच सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या थोर वैद्याने आपल्या ग्रंथात 'भारतदेशीची मालिश' दिली आहे आणि ती ब्राह्मणांची पद्धत असल्याचे नोंदवले आहे. हात धुतल्यासारखे चोळायचे, अंग पिळायचे, अशा १८ हालचाली. म्हाताऱ्या माणसाने त्या रोज तीनदा केल्या तर महिन्याभरात व्याधी जाऊन तो घोड्यासारखा धावेल, असे तो म्हणतो. आश्वासन मोठे आहे, पण आपल्याकडचे म्हणून चीनमध्ये काय पोचले होते त्याची ही मोलाची नोंद आहे.

दरबारातला विभाग गेला, तरी तीस वर्षांतच, १६०१ मध्ये, यांग जिझोऊ या वैद्याच्या, सुया टोचून करायच्या उपचारांवरच्या मोठ्या ग्रंथात लहान मुलांच्या मालिशीचे प्रकरण छापले गेले. मूल सुईला घाबरते, कडू काढा थुंकून टाकते, तिथे हातच उपयोगी पडतो. ताप असेल तर मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या आतल्या बाजूवरून बोटे हलकेच फिरवतात. भूक मंदावली, पोट बिघडले, की माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची कातडी चिमटीत धरत वर जातात. याच्याशी मिळतीजुळती कृती चौथ्या शतकात गे होंग या वैद्याने पोटदुखीवर लिहून ठेवली होती. तेल लावून तान्ह्या बाळाचे अंग रगडणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

पुढे संकटे येतच राहिली. १८२२ मध्ये सुयांचाही राजविभाग बंद झाला. १९२९ मध्ये जुने वैद्यकच हळूहळू संपवण्याचा प्रस्ताव सरकारदरबारी आला, तेव्हा देशभरचे वैद्य शांघायमध्ये जमून त्याविरुद्ध उभे राहिले. १९५६ मध्ये त्याच शहरात तुइनाचे सरकारी प्रशिक्षण सुरू झाले आणि घराण्यांतली विद्या वर्गात आली. अंगठ्याच्या टोकाने काम करणाऱ्या घराण्यातल्या डिंग जिफेंग यांनी हाताची मागची बाजू अंगावर लोळवत नेण्याची रीत घडवली होती; तीही तिथे शिकवली जाऊ लागली.

आता ही विद्या जगभर गेली आहे. तिच्या जोडीने तुंबडीही गेली: २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे तुंबडीचे गोल डाग सगळ्यांनी पाहिले. ओढीमुळे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून ते उमटतात. कंबरदुखीवर मालिशीने काही काळ आराम पडतो, एवढे आधाराने म्हणता येते. तुंबडीबाबतचे पुरावे त्याहून कच्चे आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि मानेला झटका कुणालाही देऊ देऊ नये.