यकृत कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता

आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमधील लहान फरकांमुळे यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता कमी-अधिक होणे. यकृतपेशींचा कर्करोग हा या इंद्रियात उद्भवणाऱ्या कर्करोगांचा सर्वांत मोठा प्रकार असून तो बहुधा निरोगी यकृतात होत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणू, मद्य, स्थूलता अथवा मधुमेह यांमुळे वर्षानुवर्षे सुजलेल्या आणि अखेरीस सिरोसिस (यकृतात व्रणऊती साचून ते कठीण होणे) झालेल्या यकृतात तो उद्भवतो. कर्करोगाशी निगडित बहुतेक आनुवंशिक रूपभेदांचे कार्य समजून घेताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो, कारण ते प्रामुख्याने या वाटचालीचा वेग बदलतात.

सर्वाधिक अभ्यासलेला रूपभेद २२व्या गुणसूत्रावरील पीएनपीएलए३ या जनुकात आहे. अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज, जोनाथन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, या जनुकाच्या प्रथिनात १४८व्या स्थानी आयसोल्यूसीन या ॲमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन हे ॲमिनो आम्ल असलेल्यांच्या यकृतात मेद अधिक साठतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्यास तो दुपटीहूनही जास्त असतो. त्या अभ्यासातील लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत हा रूपभेद सर्वाधिक आढळला. बदललेले प्रथिन नुसते निकामी होत असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उंदरांतील हे जनुक पूर्णपणे काढून टाकले तरी त्यांचे यकृत मेदाळ होत नाही. बिघाड वेगळाच आहे. हे प्रथिन पेशीकडून वेळेवर नष्ट केले जात नाही, मेदाच्या थेंबांवर साचून राहते आणि मेदाचे विघटन करणाऱ्या दुसऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्यक प्रथिनाला अडकवून ठेवते.

मात्र हा वारसा एकटा फारसे काही करीत नाही. सडपातळ, मद्य न घेणाऱ्या व्यक्तीत त्याचा परिणाम अल्प असतो आणि वजन वाढत जाते तसा तो तीव्र होतो. उलट वजन घटवल्यास अशा व्यक्तींच्या यकृतातील मेदही चांगला कमी होतो. रुग्णाला जनुकचाचणीचा अर्थ सांगताना ही बाब आवर्जून सांगितली पाहिजे.

टीएम६एसएफ२ या जनुकातील रूपभेदामुळे यकृतातून रक्तात मेद सोडण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे यकृताचा धोका वाढतो, पण रक्तातील मेद कमी राहिल्याने हृदयविकाराचा धोका घटतो. याउलट एचएसडी१७बी१३ या जनुकाचे कार्य घटवणारा, २०१८ मध्ये वर्णिलेला रूपभेद यकृताचे संरक्षण करतो.

काही दुर्मिळ एकजनुकी विकारांत धोका कितीतरी मोठा असतो. एचएफई जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास यकृतात लोह साचू शकते; वेळेवर निदान झाल्यास ठराविक अंतराने रक्त काढून सिरोसिस टाळता येतो. उत्तर युरोपीय वंशात आढळणारा याचा प्रमुख रूपभेद भारतीयांत अत्यंत विरळ असल्याने तेथील चाचणीचे निकष येथे जसेच्या तसे लावणे योग्य नाही. टायरोसिनेमिया या, टायरोसीन ॲमिनो आम्लाचे विघटन नीट न होणाऱ्या विकाराच्या पहिल्या प्रकारात तर बालपणीच कर्करोग उद्भवू शकतो. कॅनडातील क्यूबेक प्रांताच्या सागने–लॅक-सेंट-जीन भागात हा विकार विशेष आढळतो. तान्हेपणीच निटिसिनोन हे औषध व नियंत्रित आहार सुरू केल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.