अनलॉक फोन : दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरील वापर

अनलॉक फोन म्हणजे कोणत्याही एका मोबाइल कंपनीला न बांधलेला, म्हणूनच दुसऱ्या कंपनीचे सिम घालून वापरता येणारा फोन. विकणाऱ्या कंपनीने फोनवर घातलेल्या बंधनाला सिमलॉक म्हणतात; ते काढले की फोन अनलॉक झाला. महाराष्ट्रातल्या दुकानातून घेतलेल्या स्मार्टफोनवर सहसा असे बंधन नसतेच. त्यामुळे मराठी घरांत हा शब्द बहुतेक वेळा परदेशाच्या वाटेने येतो : अमेरिकेतल्या मुलाने आईसाठी आणलेला फोन, कुणी स्वस्तात मिळवलेला ‘बाहेरचा पीस’, किंवा सिडनीला नातवंडांकडे निघालेल्या आजोबांच्या खिशातला इथला फोन. ‘अनलॉक आहे ना?’ एवढे विचारून माणसे निश्चिंत होतात. पण लॉक नसणे आणि फोन त्या नेटवर्कवर नीट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळांची फसगत यांची गल्लत झाल्यामुळे होते.

लॉकची यंत्रणा : प्रत्येक सिममध्ये ‘आयएमएसआय’ नावाचा, जास्तीत जास्त १५ अंकांचा क्रमांक असतो. त्यातले पहिले ३ अंक देशाचे. भारतीय सिमवर ते ४०४ किंवा ४०५ असतात, तर अमेरिकन सिमवर ३१० ते ३१६ यांपैकी. पुढचे २ किंवा ३ अंक कंपनीचे. लॉक केलेल्या फोनच्या मोडेमला, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाला, कोणते आकडे चालतील हे आधीच सांगून ठेवलेले असते. सिम आत गेले की मोडेम ते आकडे वाचून ताडून पाहतो. जुळले नाहीत तर अँड्रॉइडवर बहुधा नेटवर्क अनलॉकचा पिन मागणारी चौकट येते. आयफोनवर ‘सिम नॉट सपोर्टेड’ असे उमटते. आणीबाणीचा कॉल मात्र तेव्हाही लावता येतो. जीएसएम या मोबाइल तंत्राच्या प्रमाणकांत या लॉकच्या ५ पातळ्या सांगितल्या आहेत. नेटवर्कपुरता लॉक सर्वांत जास्त आढळतो. टोकाच्या पातळीवर फोन एकाच विशिष्ट सिमशी बांधता येतो.

हा लॉक सिम तपासतो, टॉवर नव्हे. अमेरिकन कंपनीचे सिम असलेला लॉक फोन पुण्यात उतरल्यावर रोमिंगवर एअरटेलची रेंज बिनदिक्कत पकडतो. ते पाहून ‘फोन इथे चालतो’ असे घरात ठरते, पाहुणा आपले सिम काढून घेऊन परत जातो, आणि इथले सिम घातल्यावर फोन अडून बसतो. आणखी एक खुलासा इथेच केलेला बरा. पडद्याचा पासवर्ड, गूगल किंवा ॲपल खात्याचा लॉक, हप्ते थकल्यावर फोन बंद पाडणारे वित्तकंपनीचे ॲप आणि बूटलोडरचा, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा लॉक यांचा सिमलॉकशी काही संबंध नाही. यांपैकी एक निघाला म्हणून दुसरा निघत नाही.

लॉक काढण्याची रीत फोनांच्या पिढीप्रमाणे बदलत गेली. जुन्या नोकियांत आयएमईआय या फोनच्या १५ अंकी ओळख क्रमांकावरून (तो *#०६# दाबल्यावर दिसतो) अनलॉक कोड काढता येई. कोड ५ वेळा चुकला की कीपॅडवरून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय उरत नसे. आयफोनमध्ये कोड टाकण्याचा प्रकारच नाही. मूळ कंपनीने मान्यता दिली की त्या आयएमईआयची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर बदलते. सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट उघडून ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेले दिसले तर फोन खऱ्या अर्थाने मोकळा. बाजारात सिमखाली बसवायची एक पातळ चिपपट्टीही मिळते. ती मोडेमला खोटे आकडे दाखवून सिम चालवते. हे अनलॉक करणे नव्हे. सॉफ्टवेअर अपडेट झाले की ही युक्ती निकामी होऊ शकते, आणि अशा फोनला ‘अनलॉक’ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.

अमेरिकेतील वाद : कंपनीने महागडा फोन स्वस्तात द्यायचा, ग्राहकाने २ वर्षांचा करार करायचा आणि करार मोडून कोणी जाऊ नये म्हणून फोनला लॉक लावायचा, ही पद्धत अमेरिकेत रुजली. २९ जून २००७ रोजी पहिला आयफोन विक्रीला आला तो एटी अँड टी या एकाच कंपनीपुरता. २ महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या मुलाने फोन उघडून, आत तार जोडून त्याचा लॉक मोडला. तसा एक फोन देऊन त्याने निसान मोटार आणि ३ नवे आयफोन मिळवले, ही बातमी जगभर गाजली.

कायद्याचा पेच वेगळाच होता. १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरची कुलपे मोडण्यास मनाई केली. गाणी आणि चित्रपट यांच्या रक्षणासाठी केलेले हे कलम स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनलाही लागू झाले. या कायद्यातल्या सवलती ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या ग्रंथालय संस्थेच्या प्रमुखाकडे, म्हणजे लायब्रेरियन ऑफ काँग्रेसकडे आहे. २००६ आणि २०१० मध्ये फोनला सूट मिळाली. २०१२ मध्ये ती पुढे चालू ठेवण्यास नकार मिळाला आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीवाचून अनलॉक करणे बेकायदा ठरले. विरोधातल्या याचिकेवर १,१४,००० हून अधिक सह्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने ती सूट परत आणली. ग्राहकाने ज्याची किंमत चुकती केली आहे ती वस्तू वापरण्यासाठी त्याला संसदेपर्यंत जावे लागले, ही या प्रकरणातली खरी खंत.

कायदा ग्राहकाच्या बाजूने झाला तरी लॉक काढून देण्याच्या अटी कंपन्यांच्याच हाती राहिल्या : हप्ते फिटलेले असावेत, खात्यावर थकबाकी नसावी, फोन ठराविक दिवस त्यांच्याच नेटवर्कवर वापरलेला असावा. व्हेरायझन या अमेरिकन कंपनीला २००८ च्या लिलावात घेतलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींबरोबर फोन लॉक न करण्याची अट लागली होती. २०१९ मध्ये तिला ६० दिवस लॉक ठेवण्याची मुभा मिळाली. इतर काही देशांनी वाद मुळातच संपवला. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक अवस्थेतच द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक फोन विकण्यास बंदी आहे. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून तत्त्वतः हेच धोरण घेतले.

अमेरिकन कंपन्यांच्या या अटींची झळ परदेशस्थ मराठी माणसाला अगदी घरगुती ठिकाणी बसते. भारतातल्या बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून अनेकजण इथले सिम तिकडे दुसरे सिम म्हणून जिवंत ठेवतात. हप्त्यांवर घेतलेला अमेरिकन फोन लॉक असेल तर तो हे दुसरे सिम स्वीकारतच नाही. मग केवळ ओटीपीसाठी जुना फोन खणात चार्जिंगला लावून ठेवावा लागतो.

भारत : इथे ही पद्धत फारशी रुजली नाही. हँडसेट दुकानातून रोखीने घ्यायचा, सिम वेगळे घ्यायचे, तेही बहुधा प्रीपेड. फोनच्या किमतीत कंपनीचा वाटाच नाही, तर लॉक कशासाठी लावणार? याला ठळक अपवाद दोन. २००३ मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत सुरुवातीला ५०१ रुपये भरून सीडीएमए (जीएसएमहून वेगळ्या तंत्राचा) हँडसेट हाती दिला. तो फोन त्या कंपनीच्या नेटवर्कशीच जखडलेला होता. दुसरा अपवाद जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन. १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर दिलेला हा फोन जिओच्याच सिमवर चालणारा होता.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे पोर्टिंग, २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर आली आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. लॉक नसलेल्या फोनांमुळेच या सोयीला अर्थ आला. नंबर सुटला पण फोन अडकला, असे झाले असते तर गावात रेंज कोणाची येते हे पाहून कंपनी बदलणे लोकांना परवडले नसते.

लहरींचे पट्टे : लॉक निघाल्यावरचा पहिला प्रश्न हा की, नव्या कंपनीच्या लहरी फोनला ऐकू येतात का. भारतात ४जी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. प्रत्येक पट्ट्याला क्रमांक आहे. जिओ ५ (८५०), ३ (१८००) आणि ४० (२३०० मेगाहर्ट्झ) या क्रमांकांचे पट्टे वापरते. अमेरिकन फोन तिथल्या ६००, ७०० आणि १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी घडवलेले असतात. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे मॉडेल असते ते यामुळे. आयफोन ६ चे ए१५४९ हे मॉडेल ४० क्रमांकाचा पट्टा पकडत नव्हते, ए१५८६ पकडत होते. बाहेरून दोन्ही सारखेच. पहिल्या मॉडेलवर जिओची रेंज दिसे, पण २३०० मेगाहर्ट्झची जास्तीची जागा त्याला मिळत नसे. बीएसएनएलच्या ४जीतला ७०० मेगाहर्ट्झचा, २८ क्रमांकाचा पट्टा लांबवर पोचतो, डोंगराळ मुलखात तो म्हणूनच मोलाचा. जुन्या फोनांपैकी अनेकांत तो नाही. तेव्हा चौकशी करायची ती फोनच्या नावावरून नव्हे, पाठीवरच्या किंवा सेटिंगमधल्या मॉडेल क्रमांकावरून.

आवाजाचा प्रश्न : पट्टे जुळले, इंटरनेटही सुरू झाले, तरी साधा कॉल लागेल याची खात्री नाही. ४जीच्या मूळ रचनेत बोलण्यासाठी वेगळी वाट नव्हती. कॉल आला की फोन क्षणभर २जी किंवा ३जीवर उतरे. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओकडे २जी-३जी नव्हतेच. तिथे बोलायचे तर व्होल्टीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय हवी, नाहीतर जिओचे कॉलिंग ॲप तरी. व्होल्टीईसाठी फोन आणि कंपनी यांच्यात बारीकसारीक सेटिंगचा मेळ बसावा लागतो, आणि तो बहुधा फोन बनवणारा त्या त्या कंपनीसाठी घालून देतो. परक्या नेटवर्कवर गेलेल्या अनलॉक फोनमध्ये नेमकी हीच जुळणी नसते. डेटा भरधाव, कॉल गायब, असा अनुभव येतो तो या कारणाने.

जुनी नेटवर्के बंद होऊ लागली तसा हा दोष जिवावर बेतणारा ठरला. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केले आणि चालणाऱ्या फोनांची यादीच प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा व ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतले. त्याच सुमारास नियम आला : जो फोन ४जीवरून ००० हा आणीबाणीचा क्रमांक लावू शकत नाही, त्याला कंपनीने सेवा देऊ नये. काही फोन एरवीचे कॉल ४जीवर करत, पण आणीबाणीच्या कॉलसाठी ३जीच शोधत. तेही यात अडकले. भारतातून नेलेला, पूर्ण अनलॉक, इथे उत्तम चालणारा फोन तिथल्या सिमवर बंद पडू शकतो. नियम कठोर वाटला तरी योग्यच आहे, कारण छातीत कळ आलेल्या माणसाच्या हातात न लागणारा फोन असणे फार वाईट. निघण्याआधी तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला आयएमईआय तपासून घ्यावा आणि आईबाबांचा फोन मुलांनी आवर्जून तपासावा.

याच जुळणीचे सौम्य रूप भारतानेही पाहिले. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झाले तेव्हा आयफोन १२ आणि पुढच्या फोनांत त्याची यंत्रणा होती, तरी ५जी दिसेना. डिसेंबरमधल्या आयओएस १६.२ अपडेटने ते चालू झाले.

बाकीच्या जुळण्या किरकोळ आहेत. इंटरनेट चालू होत नसेल तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी फोनमधली सेटिंग, तपासावा. जिओसाठी ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ असे शब्द तिथे रोमन लिपीत टाकले की बहुधा काम होते. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही. त्यांत ई-सिम, म्हणजे फोनमध्येच सॉफ्टवेअरने भरले जाणारे सिम, घ्यावे लागते. जिओ, एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांच्याकडे ते मिळते, पण वापरात असलेले सिम पटकन काढून घालण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

अनलॉक आणि ब्लॉक : चोरीला गेलेल्या फोनचा आयएमईआय बंद करण्याची केंद्रीय यंत्रणा, सीईआयआर, दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम मुंबईत सुरू केली, मे २०२३ मध्ये ती ‘संचार साथी’द्वारे देशभर उपलब्ध झाली. या यादीत गेलेला फोन भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, मग तो कितीही अनलॉक असो. वापरलेला फोन घेताना पैसे देण्याआधी रोमन लिपीत ‘केवायएम’, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. उत्तरात फोनची कंपनी व मॉडेल कळते. हातातला फोन त्याच्याशी जुळत नसेल किंवा क्रमांक ब्लॉक दाखवत असेल, तर तो फोन घेऊ नये.